एकांत आणि एकटेपणा : एक अभ्यास, थोडा स्वतःचा

— कला शाखा, तृतीय वर्षातील एक विद्यार्थिनी

‘बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकले जात नाही.’ ही म्हण मी प्रथम ऐकली ती माझ्या आजोबांच्या तोंडून, आणि तीही मिरचीच्या बाजारात. आमचे गाव पिंपळगाव रेणुकाई. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात ट्रॅक्टर, टेम्पो आणि बैलगाड्या यांची रीघ लागते. मिरचीचे हिरवेगार ढीग पडतात. खाट घशात जाऊन माणसे खोकत असतात आणि खोकता खोकता भाव करीत असतात. अशाच एका संध्याकाळी आबांनी मला पोत्यांपाशी उभे केले आणि ते चहाला गेले. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. एका व्यापाऱ्याने विचारले, ‘‘किती पोती आहेत गं?’’ मला आकडा ठाऊक होता. अकरा. पण तोंडातून शब्द निघेना. व्यापारी पुढच्या ढिगाकडे निघून गेला. परत आल्यावर आबांनी वरील म्हण ऐकवली. ते रागावले नव्हते, हसलेच होते. पण ती म्हण मला काट्यासारखी रुतून बसली.

त्यानंतर ‘घुमी’, ‘मुखदुर्बळ’, ‘एकलकोंडी’ ही विशेषणे मला एकामागून एक चिकटत गेली. गतवर्षी मला पाहायला पाहुणे आले होते. चहा-पोहे झाले, चार प्रश्न झाले. मी चारांची चार उत्तरे दिली. आठ दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला की, ‘मुलगी घुमी दिसते, काही कमी तर नाही ना?’ आई त्या रात्री जेवली नाही. माझ्यात खरोखरच काही कमी आहे काय, हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला. मानसशास्त्र हा माझा एक विषय. तेव्हा उत्तर भिंतीकडे पाहून शोधण्यापेक्षा ग्रंथालयात शोधावे, असे ठरवले. प्रस्तुत लेख हे त्या शोधाचे फलित होय.

अंतर्मुखता म्हणजे काय?

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आज आपण सर्रास वापरतो. या कल्पनांना मानसशास्त्रात पक्के स्थान मिळवून देण्याचे श्रेय स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचे. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरील त्यांचा ग्रंथ 1921 साली प्रसिद्ध झाला. ज्याच्या मनाचा ओढा बाहेरच्या माणसांकडे आणि घडामोडींकडे असतो तो बहिर्मुख आणि ज्याचा ओढा स्वतःच्या विचार-भावनांच्या जगाकडे असतो तो अंतर्मुख, अशी त्यांची ढोबळ मांडणी आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक म्हणजे, युंग यांनी अंतर्मुखतेला दोष मानलेले नाही. दुसरी म्हणजे, कोणीही माणूस पूर्णतः एका प्रकारचा नसतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्यालाही डावा हात असतोच, तसेच हे आहे.

पुढे 1967 साली हान्स आयसेंक यांनी याला शरीरशास्त्राची जोड देण्याचा प्रयत्न केला. अंतर्मुख व्यक्तीचा मेंदू मुळातच अधिक जागृत अवस्थेत असतो, त्यामुळे गोंगाट, गर्दी आणि गडबड तिला लवकर पुरे होते, असा त्यांचा सिद्धान्त. पुढील प्रयोगांनी तो जसाच्या तसा उचलून धरला नाही हे खरे. परंतु उत्तेजनाची प्रत्येकाची गरज सारखी नसते, ही त्यातील मूळ सूचना मला पटते. मिरचीच्या शेतात काम करणाऱ्यांना हे सांगायलाच नको. त्याच भाजीने एकाच्या डोळ्यांत पाणी येते आणि दुसरा वरून आणखी ठेचा मागतो. दोघांपैकी आजारी कोणीच नसतो.

अंतर्मुखता आणि लाजाळूपणा यांत नेहमी गल्लत होते. लाजाळू माणसाला लोकांत मिसळायचे असते, पण लोक काय म्हणतील या भीतीने तो अडखळतो. अंतर्मुख माणसाला भीती असेलच असे नाही. त्याला थोडी माणसे पुरतात, इतकेच. बाजारातल्या त्या संध्याकाळी माझ्यात दोन्ही होते. भीती घालवली पाहिजे हे मला मान्य आहे आणि त्यासाठी मी झटतेही आहे. पण शांततेची आवड ही काही घालवण्याची वस्तू नव्हे, हे कळायला मला एकविसावे वर्ष उजाडावे लागले.

दोन शब्द, दोन अवस्था

आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी समंजस आहे. तिच्यापाशी ‘एकटेपणा’ आहे आणि ‘एकांत’ही आहे. एकटेपणा माणसाच्या वाट्याला येतो, एकांत तो मागून घेतो. एकटेपणात कोणीतरी नसल्याची जाणीव असते. एकांतात स्वतः असल्याची जाणीव असते. शिवाय एकांताला जोडून ‘लोकांत’ हाही शब्द आपल्याकडे आहे. म्हणजे एकांत हा लोकांचा शत्रू नव्हे, तर त्यांच्या जोडीने येणारी दुसरी बाजू आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक असावे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाने जून 2025 मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि त्याचे परिणाम मनापुरते न राहता शरीरापर्यंत पोहोचतात. म्हणून एकटेपणाची थोरवी गाणे हा निव्वळ अविचार ठरेल. आपला एखादा वर्गमित्र आज खोलीचे दार लावून बसला असेल, तर ‘तो अंतर्मुख आहे’ म्हणून त्याला सोडून देऊ नये. दार ठोठावून एकदा विचारावे. त्याला एकांत हवा असेल तर तो तसे सांगेल. एकटेपणा असेल तर दार उघडेल.

दुसऱ्या टोकाला एक मौजेचा प्रयोग आहे. 2014 साली अमेरिकेतील टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना रिकाम्या खोलीत एकटे बसवले. जवळ पुस्तक नाही, फोन नाही, फक्त स्वतःचे विचार. हवे असल्यास स्वतःला विजेचा सौम्य धक्का देण्याचे एक बटण तेवढे होते. पंधरा मिनिटांत 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी स्वतःला धक्का देऊन घेतला! स्वतःच्या सोबतीपेक्षा त्यांना विजेचा धक्का बरा वाटला. एकांत हाही शिकावा लागतो, हे यावरून दिसते. मग तो शिकवतो कोण? माझे उत्तर असे की, निसर्ग हा त्याचा सर्वांत जुना शिक्षक आहे. रिकामी खोली माणसाला स्वतःवर फेकून देते. झाडाखाली बसले की मनाला टेकायला काहीतरी मिळते, आणि ते बोलण्याचा आग्रहही धरीत नाही.

डोंगर, जाते आणि जंगल

याची उदाहरणे शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या गावाच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. तेथे वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून भिक्षूंनी लेणी कोरली. पावसाळ्यात भ्रमंती थांबवून एका जागी राहायचे, ही त्यांची वर्षावासाची रीत. भर पावसात, धबधब्याच्या आवाजात त्या विहारांमध्ये ध्यान चालत असेल, या कल्पनेनेही मन निवते. परंतु हे विसरू नये की, ते व्यापारी मार्गांपासून फार लांब गेले नव्हते. भिक्षा मागायला गाव लागतेच.

सतराव्या शतकातील तुकाराम महाराजांचे उदाहरण तर घरोघर ठाऊक आहे. दुष्काळात पत्नी गेली, मूल गेले, दुकान बुडाले. या आघातानंतर ते देहूजवळच्या भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांवर जाऊन बसू लागले. वृक्ष, वेली आणि वनचरांना सोयरे मानणारी त्यांची वृत्ती या एकांतात फुलली. लोक म्हणाले असतील, संसार बुडवला. पण तुकोबा डोंगरावरून खाली उतरले आणि कीर्तनाला उभे राहिले. त्या एकांतात जे पिकले ते साऱ्या महाराष्ट्राला साडेतीनशे वर्षे पुरून उरले आहे.

येथे माझ्या मनात एक शंका आली, आणि ती मी प्रामाणिकपणे मांडते. भिक्षू झाले, तुकोबा झाले, अमेरिकेत 1845 ते 1847 या काळात वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेला थोरो झाला. हे सारे पुरुष. ते उठले आणि निघाले. मी उठून निघाले तर? मुलगी अबोल असली की गाव तिला गरीब, गुणी म्हणते. तीच मुलगी एकटी ओढ्याकडे चालली की चार डोळे मागे वळतात. शांत मुलगी सर्वांना हवी, पण शांतता शोधणारी मुलगी कोणाला नको. मग एकांत ही काय ज्यांना मोकळीक आहे त्यांचीच मिरास म्हणायची?

या शंकेचे उत्तर मला बहिणाबाई चौधरी यांच्या चरित्रात सापडले. अजिंठ्याचे डोंगर ओलांडले की पलीकडे खानदेश. तेथे जळगावजवळच्या असोदे गावी 1880 मध्ये बहिणाबाईंचा जन्म झाला. अक्षरओळख नाही, लहान वयात लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य आणि डोक्यावर शेतीचा नि घराचा रगाडा. डोंगरावर जाऊन बसण्याची सोय त्यांना कोण देणार? पण जात्यापाशी आणि शेतात, हात कामात गुंतलेले असताना, त्यांचे मन मोकळे असे. त्या मोकळ्या मनातून गाणी येत. पुत्र सोपानदेव आणि एका आप्ताने ती टिपून ठेवली, म्हणून 1951 साली त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध होऊ शकली. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. पहाटेच्या जात्याभोवतीची ती हातभर जागा हाच त्यांचा भंडारा डोंगर होता, असे मला वाटते.

आपल्या काळातले तिसरे उदाहरण मारुती चितमपल्ली यांचे. 1932 साली सोलापूरला जन्मलेल्या या माणसाने कोइमतूर येथे वनविद्येचे शिक्षण घेतले आणि तीन दशके वनखात्याच्या नोकरीत काढली. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कर्मभूमी. इतरांनी जेथील बदली टाळावी अशा ठिकाणी त्यांनी आपली शाळा शोधली. मुक्काम रानात, सोबतीला दुर्बीण आणि रोजनिशी. पण हा एकांतही माणसांवाचूनचा नव्हता. नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या रानवेड्याचा सहवास त्यांना लाभला. आदिवासींकडून, पारध्यांकडून आणि कोळ्यांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची नावे गोळा केली. त्यांतून ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘पक्षिकोश’ आणि ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र अशी ग्रंथसंपदा मराठीला मिळाली. 2006 साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी 18 जून रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर पक्ष्यांचे ऐकत राहिलेल्या माणसाचे अखेर साऱ्या महाराष्ट्राने ऐकले.

विज्ञानाची साक्ष

ही झाली थोरांची उदाहरणे. सामान्य माणसाला निसर्गाचा उपयोग होतो काय? 1984 साली रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. 2019 साली इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून असे दिसले की, आठवड्यात निदान 120 मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती चांगली आहे असे अधिक प्रमाणात सांगतात. हा वेळ एकदम घालवला की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. अर्थात, ज्यांची प्रकृती मुळात चांगली तेच अधिक बाहेर जात असतील, असेही म्हणता येईल. त्यामुळे हे आकडे ब्रह्मवाक्य समजू नयेत. पण रोज सतरा-अठरा मिनिटे झाडाखाली बसायला पैसे पडत नाहीत. प्रयोग करून पाहायला हरकत कोणती?

कडेची पात

मी तो प्रयोग केला. पाहुण्यांचा निरोप आल्यानंतरच्या आठवड्यात कॉलेजला सुट्टी होती. मिरचीचा तोडा सुरू होता. मी आईबरोबर शेतात जाऊ लागले. आमच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली आहे. पावसाळ्यात तिच्यावर सुगरणीचे खोपे लटकतात. दुपारी बायका भाकरी खायला बसल्या की मी विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन बसे. पहिले दोन दिवस मन ठिकाणावर नव्हते. तिसऱ्या दिवशी मी नीट पाहू लागले. पिवळ्या डोक्याचा नर गवताची लांब चिरफळी चोचीत घेऊन येतो आणि उलटे लोंबकळून विणतो. होय, विणणारा नर असतो. नाव मात्र आपण बाईचे दिले! अर्धा खोपा झाला की मादी येऊन पाहून जाते. तिला पसंत पडला तर ती राहते, नाही तर निघून जाते. एक खोपा असा नाकारला गेला. नर थोडा वेळ फांदीवर बसला. मग दुसऱ्या टोकाला त्याने नव्या गवताची पहिली गाठ मारली.

मला हसू आले. आठवडाभरात प्रथमच. त्या पक्ष्याला काही कमी आहे काय, असे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही. मग स्वतःबद्दल तरी ती का व्हावी?

पाचव्या दिवशी मी आईला विचारले, ‘‘तू नेहमी कडेचीच पात का धरतेस?’’ तोडा करताना बायका ओळीने पाती धरतात. मधल्या पातींवर गप्पांना ऊत येतो. आई मात्र वर्षानुवर्षे बांधाकडची पात धरते, हे मी लहानपणापासून पाहत आले होते, पण त्याचा विचार कधी केला नव्हता. आई मिरच्या खुडता खुडता म्हणाली, ‘‘अगं, घरी दिवसभर कुणी ना कुणी हाक मारतं. इथं बांधाला कुणी बोलत नाही. तेवढाच वेळ माझा असतो.’’

क्षणभर मी पाहतच राहिले. ज्या स्वभावापायी आईने त्या रात्री जेवण टाकले होते, तो स्वभाव मला कोठून आला हे आम्हा दोघींनाही एकदमच उमगले असावे. ती म्हणाली, ‘‘मला कुणी कधी विचारलंच नाही. तुला विचारलं तर तू सांग.’’ एवढे बोलून ती पुन्हा गप्प झाली. मीही तिच्या शेजारची पात धरली. संध्याकाळपर्यंत आम्ही फारशा बोललो नाही. हातांची आग होत होती. पण इतका भरलेला दिवस मला आठवत नाही.

समारोप

या अभ्यासातून मला जे गवसले ते थोडक्यात असे. अंतर्मुखता हा स्वभाव आहे, आजार नव्हे. एकांत आणि एकटेपणा या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिली जपावी आणि दुसरीवर माणसांच्या सोबतीचाच उपाय करावा. निसर्ग एकांताला सुसह्य आणि फलदायी करतो. आणि एकांत म्हणजे रानात पळून जाणे नव्हे. तो जात्यापाशी, बांधाच्या कडेला किंवा कॉलेजच्या आवारातील कडुनिंबाखालीही मिळतो. मात्र तो मिळण्याची सोय सर्वांना सारखी नाही, विशेषतः मुलींना नाही. याचा विचार आपल्या घरांनी आणि शिक्षणसंस्थांनीही केला पाहिजे.

गुरुजनांना एक नम्र विनंती आहे. वर्गात जो हात वर करीत नाही त्याच्यापाशी उत्तर नसते, असे कृपया समजू नये. कधी लिहून मागावे, कधी थोडा वेळ द्यावा. आणि माझ्यासारख्या अबोल मित्र-मैत्रिणींना सांगणे असे की, जेथे बोलणे आवश्यक आहे तेथे घसा कोरडा पडला तरी बोलावे. शांततेच्या आवडीखाली भीती लपवू नये.

यंदाच्या हंगामात मी पुन्हा आबांबरोबर बाजारात गेले. व्यापाऱ्याने विचारले, ‘‘किती पोती?’’ ‘‘चौदा. आजच्या तोड्याची,’’ मी सांगितले. याहून अधिक काही बोलले नाही, आणि बोलायची गरजही पडली नाही. माल चांगला होता. आबांची म्हण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. बाजारात ती खरीच आहे. पण सारे आयुष्य म्हणजे काही बाजार नव्हे, आणि माणसाजवळचे सगळेच सोने विकायचेही नसते.